आधी क्रियापदाखाली रेघ: मराठी माणसानं इंग्रजी व्याकरण आणि विरामचिन्हं कशी शिकावीत

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी म्हणून लागलो, तेव्हा मराठी पत्रव्यवहार हातचा मळ होता. इंग्रजीशी गाठ पडायची ती इरोडच्या व्यापाऱ्यांमुळे. त्यांना मराठी येत नव्हतं, आम्हाला तमिळ येत नव्हतं, त्यामुळे दोघांच्या मधे इंग्रजी. एकदा तिकडून निरोप आला, ‘शाल वी लोड टुमॉरो?’ म्हणजे गाडी उद्या भरू का? मी घाईत उत्तर पाठवलं, ‘नो लोड टुडे’. मला म्हणायचं होतं, नाही, आजच भरा. त्यांनी वाचलं, आज भरती नाही. गाडी दोन दिवस जागेवर उभी राहिली आणि खोळंब्याचं भाडं पेढीला सोसावं लागलं. ‘नो’च्या पुढं एक स्वल्पविराम राहिला होता, एवढंच.

त्या दिवसापासून मी हा विषय मनावर घेतला. आता संध्याकाळी विश्रामबागेतल्या एका खोलीत मोठ्या माणसांना शिकवतो. स्पर्धा परीक्षेची मुलं येतात, बचत गटाच्या ताई येतात, औषधाच्या दुकानातले दादा येतात, कोर्टात टायपिंग करणारे एक काकाही येतात. वय वेगळं, शिक्षण वेगळं, पण चुका त्याच. कारण त्या चुका अज्ञानाच्या नसतात. मराठी वाक्याची घडण डोक्यात पक्की बसलेली असते आणि आपण तीच घडण इंग्रजी शब्दांनी भरतो. त्यामुळे पाय कुठं घसरणार हे आधीच सांगता येतं, आणि घसरायच्या जागा आठ-दहाच आहेत.

माझी पद्धत एका कृतीवर उभी आहे. वाक्य मराठी असो वा इंग्रजी, आधी क्रियापद शोधायचं आणि त्याच्याखाली रेघ ओढायची. व्याकरण तिथूनच सुटतं आणि विरामचिन्हंही तिथूनच सुटतात. म्हणून मी विरामचिन्हं शेवटी घेतो. वाक्याचे तुकडे कुठं पडतात हे दिसल्याशिवाय स्वल्पविराम कुठं टाकायचा हे कळणार कसं?

साहित्य फार लागत नाही. एक शंभर पानी वही, दोन रंगांची पेनं, एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश आणि रोजची चाळीस मिनिटं पुरतात. या लेखात इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, म्हणजे ती आधी कानावर पडतील. वहीत मात्र ती रोमन लिपीत उतरवा आणि ज्या स्पेलिंगची खात्री नाही ते शब्दकोशात बघा. हाही अभ्यासच आहे.

पायरी पहिली: मराठी वाक्य सोडवून घ्या

हे वाक्य बघा: मामांनी काल तासगावच्या बाजारातून पाच किलो बेदाणा आणला.

क्रियापद ‘आणला’. त्याच्याखाली रेघ. आता त्यालाच प्रश्न विचारा. आणणारे कोण? मामा, म्हणजे कर्ता. आणलं काय? बेदाणा, म्हणजे कर्म. उरलं काय? कुठून आणि कधी. मराठीचा क्रम असतो कर्ता, कर्म, क्रियापद. इंग्रजीचा क्रम कर्ता, क्रियापद, कर्म, आणि त्यानंतर स्थळ आणि काळ. म्हणून: ‘माय अंकल ब्रॉट फाइव्ह किलोज ऑफ रेझिन्स फ्रॉम द तासगाव मार्केट यस्टर्डे.’ मराठीत जे शेवटी होतं ते कर्त्याच्या पाठोपाठ आलं, आणि जे कर्त्याला चिकटून होतं ते ‘काल’ पार टोकाला गेलं.

या एका वाक्यात आणखी एक गोष्ट दडली आहे. मामांनी बेदाणा आणला, साखर आणली, पेढे आणले. मराठीचं क्रियापद इथं कर्माकडं बघून रूप बदलतं. इंग्रजी क्रियापद कर्माकडं ढुंकूनही बघत नाही. बेदाणा असो, साखर असो की साताऱ्याचे कंदी पेढे, ‘ब्रॉट’ ते ‘ब्रॉट’च. इंग्रजी ज्या बाबतीत आपल्याहून सोपी आहे ते मी वर्गात मुद्दाम सांगतो, कारण भीती तिथूनच जायला लागते.

मराठीत कर्ता गाळता येतो. ‘आलो’ एवढं म्हटलं तरी ‘मी’ कळतो, कारण तो क्रियापदाच्या पोटात असतो. इंग्रजी क्रियापदाच्या पोटात ही जागा नाही. त्यामुळे आज्ञा-विनंती सोडली तर तिथं कर्ता लिहावाच लागतो, अगदी नसला तरी. ‘पाऊस पडतोय’ याचं ‘इट इज रेनिंग’ होतं. त्या ‘इट’ला अर्थ काही नाही, त्यानं फक्त कर्त्याची खुर्ची भरली आहे. ‘सहा वाजले’ म्हणजे ‘इट इज सिक्स’. ‘दुकानात गर्दी आहे’ म्हणजे ‘देअर इज अ क्राउड इन द शॉप’.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘मला’ने होतो. मला भूक लागली, मला ताप आलाय, मला चहा आवडतो, मला दोन मुली आहेत, माझ्याकडे वेळ नाही. मराठीत इथं माणूस बाजूला उभा असतो आणि भूक, ताप, चहा त्याच्याकडे येतात. इंग्रजीत माणसालाच पुढं यावं लागतं: ‘आय ॲम हंग्री’, ‘आय हॅव अ फीवर’, ‘आय लाइक टी’, ‘आय हॅव टू डॉटर्स’, ‘आय डोन्ट हॅव टाइम’. वहीचं एक पान फक्त ‘मला’ने सुरू होणाऱ्या वाक्यांसाठी ठेवा. घरात दिवसभर आपण अशी किती वाक्यं बोलतो ते ऐका आणि रात्री त्यातली दहा उतरवून काढा. या पायरीवर निदान दहा दिवस काढा, पुढं जायची घाई करू नका.

पायरी दुसरी: क्रियापदाची रूपं

मराठीत तो जातो, ती जाते, ते जातात, मी जातो, तू जातोस. इतकी रूपं आपण न चुकता वापरतो. इंग्रजीत ॲम, इज, आर सोडले तर वर्तमानकाळी एकाच ठिकाणी फरक पडतो: ही, शी, इट किंवा कोणतंही एक नाव असलं की शेवटी एस. ‘आय गो’, ‘दे गो’, पण ‘ही गोज’. हा एस विसरायचं कारण असं की इंग्रजीत अनेकवचनाच्या नामालाही एसच लागतो आणि डोक्यात दोन्ही एकमेकांत मिसळतात. सूत्र असं धरा: एस बहुतेक एकाच बाजूला बसतो. ‘द बॉइज प्ले’, ‘द बॉय प्लेज’. कर्त्यावर बसला तर क्रियापदावर नाही, क्रियापदावर बसला तर कर्त्यावर नाही. ‘चिल्ड्रन’सारखे अपवाद आहेत, पण सुरुवातीला हे सूत्र नव्वद जागी हात देतं.

नकार आणि प्रश्न आले की डू, डज, डिड हे मदतनीस येतात. इथं ‘आय डिड नॉट वेंट’ हमखास होतं. काळाचं ओझं एकाच शब्दानं उचलायचं असतं. ‘डिड’ने भूतकाळ उचलला की ‘वेंट’ मोकळा होतो आणि मूळ रूपावर येतो: ‘आय डिड नॉट गो’. ‘डज’ने एस उचलला की पुढच्याला एस नको: ‘शी डज नॉट नो’. ‘कॅन’, ‘विल’, ‘मस्ट’ यांच्यानंतरही मूळ रूपच.

दुसरी खोड आपल्या ‘आहे’ची. ‘मला माहीत आहे’ म्हणताना ‘आहे’ येतो, म्हणून ‘आय ॲम नोइंग’ लिहिलं जातं. नो, लाइक, अंडरस्टँड, बिलाँग, आणि मालकीच्या अर्थाचा हॅव ही क्रियापदं स्थिती सांगतात, चालू हालचाल सांगत नाहीत. त्यांना सहसा आयएनजी लावायचा नाही. ‘आय ॲम हॅविंग टू शॉप्स’ नव्हे, ‘आय हॅव टू शॉप्स’. ‘आय ॲम हॅविंग लंच’ मात्र बरोबर, कारण जेवण ही चालू क्रिया आहे.

‘मी त्याला काल पाहिलं आहे’ हे मराठीत चालतं. इंग्रजीत ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ चालत नाही. काल, गेल्या सोमवारी, २०१९ मध्ये असा संपलेला वेळ वाक्यात आला की साधा भूतकाळ: ‘आय सॉ हिम यस्टर्डे’. उलट, ‘मी दहा वर्षांपासून मिरजेत राहतो’ याला आपण साधा वर्तमानकाळ वापरतो, तर इंग्रजीला ‘आय हॅव लिव्ड इन मिरज फॉर टेन इयर्स’ हवं असतं. आपल्याकडे दोन्हीला ‘पासून’ चालतो. इंग्रजीत कालावधी मोजला तर ‘फॉर’, सुरुवातीचा क्षण सांगितला तर ‘सिन्स’. फॉर टेन इयर्स, सिन्स २०१५.

बारा काळांचा तक्ता पाठ करायचा आग्रह मी कधीच धरत नाही. साधा वर्तमान, चालू वर्तमान, साधा भूत, ‘हॅव’वाला काळ आणि ‘विल’ एवढ्यात अर्ज, पत्र, निरोप सगळं बसतं.

पायरी तिसरी: ए, ॲन आणि द

मराठीत उपपदं नाहीत, म्हणून ही जागा सगळ्यांना अवघड जाते. पण कल्पना आपल्याला परकी नाही. आजीची गोष्ट आठवा: ‘एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.’ पहिल्यांदा ‘एक राजा’, कारण ऐकणाऱ्याला तो माहीत नाही. दुसऱ्यांदा ‘त्या राजाला’, कारण आता ओळख झाली. तो ‘एक’ म्हणजे ‘अ’, आणि तो ‘त्या’ म्हणजे ‘द’. ‘आय बॉट अ फोन. द फोन इज ऑलरेडी ब्रोकन.’ ऐकणाऱ्याला ‘कोणता?’ असं विचारावं लागेल का, हे स्वतःला विचारा. विचारावं लागणार असेल तर ‘अ’. लागणार नसेल तर ‘द’.

‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावर ठरत नाही, उच्चारावर ठरतं. ‘अवर’च्या सुरुवातीला एच लिहितात पण बोलत नाहीत, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ यू अक्षराने सुरू होते, पण उच्चार ‘य’चा, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘ॲन एमएलए’, कारण तोंडातून ‘ए’ निघतो. इथं देवनागरीचा फायदा होतो. शब्द मनात मराठीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर आलं तर ॲन, व्यंजन आलं तर अ.

गावांच्या नावाला उपपद नाही: सांगली, सातारा, वाई. नद्यांना ‘द’ लागतो, डोंगररांगांनाही लागतो. ‘द कृष्णा अँड द वारणा मीट ॲट हरिपूर’ हे वाक्य आमच्या वर्गातल्या प्रत्येकाला पाठ आहे. संगमावर जाऊन आलेला माणूस ते विसरत नाही, आणि त्यात नद्यांचे दोन ‘द’ आणि गावाची मोकळी जागा एकदमच सापडते. साताऱ्याच्या वाचकांनी वेण्णा आणि माहुली घालून तेच वाक्य करावं.

न मोजता येणारी नामं हाही याच घरातला विषय. इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट यांना ना ‘अ’ लागतो ना एस. आपण ‘दोन माहिती’ म्हणत नाही, तसंच. दुकानाच्या पाटीवरचं ‘फर्निचर्स’ चूक आहे.

पायरी चौथी: आत, वर, कडे

मराठीत ‘बाजारातून’ एकच शब्द, प्रत्यय मागे चिकटलेला. इंग्रजीत ‘फ्रॉम’ सुटा आणि नामाच्या आधी. वेळेसाठी लहान-मोठ्याचा हिशोब धरा: घड्याळाच्या काट्याला ‘ॲट’, दिवसाला ‘ऑन’, महिना आणि वर्षाला ‘इन’. ॲट सिक्स, ऑन संडे, इन मे. वाहनांत ‘इन अ कार’ पण ‘ऑन अ बस’.

काही क्रियापदांना शब्दयोगी अव्यय लागतच नाही, पण मराठीतल्या ‘विषयी’ आणि ‘ला’मुळे आपण ते चिकटवतो. ‘डिस्कस अबाउट’ नाही, नुसतं ‘डिस्कस’. ‘रीच टू पुणे’ नाही, ‘रीच पुणे’. ‘एंटर’नंतर ‘इनटू’ नको. आणि जिथं लागतं तिथंही कधी भलतंच येतं: ‘मॅरीड विथ’ नाही, ‘मॅरीड टू’. हे पाठच करायचं असतं, दुसरा उपाय नाही.

पायरी पाचवी: वाक्याला वाक्य जोडताना

प्रश्नात मदतनीस कर्त्याच्या आधी येतो: ‘व्हाय डिड यू कम लेट?’ आपण मराठी क्रमाने ‘व्हाय यू केम लेट?’ लिहितो. पण प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की उलटापालट संपते: ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज.’ आणि मुख्य वाक्य प्रश्न नाही, म्हणून शेवटी पूर्णविराम. प्रश्नचिन्ह नाही.

‘जरी’ आला की मराठीला ‘तरी’ लागतोच. त्या सवयीने ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’ लिहिलं जातं. इंग्रजीत दोघांतला एकच ठेवायचा. ‘ऑल्दो’ असेल तर ‘बट’ काढा, ‘बट’ ठेवायचा तर ‘ऑल्दो’ काढा. ‘बिकॉज’ आणि ‘सो’चंही तसंच.

आता आपला ‘की’. तो म्हणाला की मी उद्या येतो. मराठीत यातला ‘मी’ म्हणजे ‘तो’ हे लहान मूलही सांगेल. पण ‘ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ असं लिहिलं तर इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल की येणार तुम्ही आहात. कोर्टातल्या काकांनी हा मुद्दा ऐकून पेन खालीच ठेवलं. जबाबात ‘मी’ कोण यावर सगळं उभं असतं, असं ते म्हणाले. दोन वाटा आहेत. एक, सर्वनाम बदला: ‘ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.’ दुसरी, त्याचेच शब्द अवतरणचिन्हांत ठेवा: ही सेड, “आय विल कम टुमॉरो.” दुसऱ्या वाटेला ‘दॅट’ नसतो, ‘सेड’नंतर स्वल्पविराम असतो, बोलणं कॅपिटल अक्षराने सुरू होतं आणि पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत राहतो.

पायरी सहावी: विरामचिन्हं

मोडीतले जुने कागद पाहिलेत? शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ओळ सलग धावते. छापील मराठीत आज जी चिन्हं दिसतात ती इंग्रजीकडून आली. ती मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं मोठं कामही त्यांच्याच नावावर आहे. म्हणजे पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह तुम्ही रोज वापरताच. नव्याने शिकायचं ते कॅपिटल अक्षरं, अपॉस्ट्रॉफी (’) आणि स्वल्पविरामाचे कडक नियम.

देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही, म्हणून कॅपिटल विसरतं किंवा नको तिथं येतं. वाक्याची सुरुवात, ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ कुठंही असला तरी, माणसांची आणि गावांची नावं, वार, महिने, भाषा. ‘मराठी’ आणि ‘इंग्लिश’ हे शब्द कायम कॅपिटलने सुरू होतात. ऋतूंना कॅपिटल नाही. आदर दाखवायला फार्मर, मदर, टीचर यांना कॅपिटल देण्याची आपली सवय आहे. त्यामागची भावना चांगली आहे, पण इंग्रजीत ते चूक. आणि संपूर्ण अर्ज कॅपिटलमध्ये लिहू नका, वाचणाऱ्याला वाक्य कुठं सुरू झालं हेच दिसत नाही.

स्वल्पविरामासाठीचा कॉमा हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ कापून काढलेला तुकडा. अर्थ लक्षात ठेवला तर काम सोपं होतं, कारण स्वल्पविराम वाक्याचा तुकडा वेगळा करतो. तो श्वास घेण्यासाठी नसतो. शाळेत ‘थोडं थांबायचं तिथं स्वल्पविराम’ असं शिकवलेलं असतं, आणि बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात. ‘द फार्मर्स फ्रॉम कवठेमहांकाळ, आर वेटिंग’ असं आपण लिहितो, कारण तिथं आवाज थांबतो. पण ‘आर वेटिंग’ हे क्रियापद, ‘द फार्मर्स’ हा त्याचा कर्ता, आणि एकट्या स्वल्पविरामाने त्या दोघांना तोडायचं नसतं.

पहिल्या पायरीवरची रेघ इथं कामाला येते. ‘द ट्रक इज रेडी, द ड्रायव्हर इज अब्सेंट.’ क्रियापदांखाली रेघा ओढा. दोन निघतात, आणि दोघांनाही आपापला कर्ता आहे. म्हणजे ही दोन पूर्ण वाक्यं झाली. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडायची नसतात. मराठीत आपण स्वल्पविरामावर स्वल्पविराम टाकत चार वाक्यं ओढत नेतो आणि कोणी अडवत नाही. इंग्रजीत तीन वाटा आहेत. पूर्णविराम टाका. किंवा स्वल्पविरामापुढं ‘बट’, ‘अँड’, ‘सो’ असा जोडशब्द टाका. किंवा अर्धविराम (;) टाका. मी विद्यार्थ्यांना पहिली वाट सुचवतो. लहान वाक्यात चुकायला जागाच कमी असते.

वाक्याची सुरुवात व्हेन, इफ, ऑल्दो यांनी झाली तर तो तुकडा संपल्यावर स्वल्पविराम: ‘व्हेन द रेन स्टॉप्ड, द ट्रक लेफ्ट.’ उलट केलं तर सहसा लागत नाही: ‘द ट्रक लेफ्ट व्हेन द रेन स्टॉप्ड.’ यस आणि नो नंतर, आणि ज्याला हाक मारली त्याच्या नावाशी स्वल्पविराम हवाच. ‘नो, लोड टुडे’मधला माझा तोच राहिला होता. यादीत प्रत्येक वस्तूनंतर टाकावा. शेवटच्या ‘अँड’च्या आधी टाकायचा की नाही याच्या दोन्ही पद्धती आहेत, कोणतीही एक घ्या पण पानभर तीच ठेवा.

आणखी एक सूक्ष्म जागा. ‘माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन मिरज, इज अ टीचर.’ दोन स्वल्पविरामांच्या मधली माहिती उचलून बाजूला ठेवली तरी वाक्य उभं राहतं, म्हणजे तुम्हाला भाऊ एकच. स्वल्पविराम काढले तर अर्थ होतो, अनेक भावांपैकी जो मिरजेत राहतो तो. वारसाच्या कागदात हा फरक किती मोठा ठरेल, याचा विचार करा.

अपॉस्ट्रॉफीची कामं मुख्यतः दोन. पहिलं, चा-ची-चे दाखवणं. शेतकरी एक असेल तर ‘फार्मर’ लिहून अपॉस्ट्रॉफी आणि मग एस. अनेक असतील तर आधी एस आणि मग अपॉस्ट्रॉफी. उच्चार दोन्हीचा सारखा, त्यामुळे कान मदत करत नाही, लिहितानाच ठरवावं लागतं. ‘चिल्ड्रन’ मुळातच अनेकवचन, त्याला अपॉस्ट्रॉफी आणि मग एस. दुसरं काम, गळलेलं अक्षर दाखवणं. ‘डू नॉट’चं ‘डोन्ट’ होताना ‘नॉट’मधला ओ गळला, अपॉस्ट्रॉफी त्याच्याच जागेवर बसतो. सरकारी अर्जात अशी आखूड रूपं वापरू नयेत, पूर्ण ‘डू नॉट’ लिहावं.

‘इट्स’ हा शब्द दोन प्रकारे लिहितात. आय-टी-अपॉस्ट्रॉफी-एस म्हणजे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’. आय-टी-एस, मधे काही नाही, म्हणजे ‘त्याचं’. चा-ची-चे असूनही इथं अपॉस्ट्रॉफी नाही हे खटकतं, पण ‘हिज’लाही नसतो, ‘हर्स’लाही नसतो. तपासायला मोठ्याने ‘इट इज’ म्हणून बघा. ‘द बँक चेंज्ड इट इज टायमिंग’ कानाला लगेच टोचतं, म्हणजे तिथं अपॉस्ट्रॉफी नको. आणि साध्या अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी कधीच लागत नाही, पाट्यांवर कितीही दिसला तरी.

मोकळी जागा हाही नियमाचाच भाग आहे. चिन्हाच्या आधी जागा सोडायची नाही, नंतर एक सोडायची. टायपिंग करणारे नेमकं उलट करतात आणि मग स्वल्पविराम पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटाच लोंबकळतो. उद्गारचिन्ह कामाच्या पत्रात सहसा नको. अपूर्णविराम (:) यादीच्या आधी टाका. अर्धविराम सहा महिने विसरलात तरी काही अडणार नाही.

एक अर्ज, ओळीओळीने

वर्गातल्या एका मुलाने सुट्टीचा अर्ज आणला होता: ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर सिन्स टू डेज, सो दॅट आय कॅन नॉट केम टू ऑफिस, काइंडली ग्रँट मी लीव्ह.’ आम्ही आधी रेघा ओढल्या. ॲम सफरिंग, कॅन नॉट केम, ग्रँट. तीन क्रियापदं, म्हणजे तीन वाक्यं, आणि त्यांना जोडायला नुसते स्वल्पविराम आणि एक चुकीचा जोडशब्द. ते तोडले. ‘टू डेज’ हा मोजलेला कालावधी, म्हणून ‘सिन्स’ जाऊन ‘फॉर’ आला. ताप तेव्हापासून आजपर्यंत आहे, म्हणून ‘हॅव’वाला काळ. ‘सो दॅट’चा अर्थ ‘यासाठी की’. ऑफिसला येता येऊ नये यासाठी ताप आणला, असा उलटाच अर्थ निघत होता, म्हणून तो काढला. ‘कॅन’नंतर मूळ रूप, म्हणून ‘कम’. कोणतं ऑफिस हे साहेबांना माहीत आहे, म्हणून ‘द’. सुट्टी कोणत्या दिवशी हे लिहिलंच नव्हतं. शेवटी उरलं ते असं: ‘आय हॅव हॅड अ फीवर फॉर टू डेज. आय कॅनॉट कम टू द ऑफिस. काइंडली ग्रँट मी लीव्ह ऑन मंडे अँड ट्यूजडे.’

रोजच्या चाळीस मिनिटांत काय करायचं

पहिली दहा मिनिटं दिवसभरात बोललेली पाच मराठी वाक्यं लिहा, क्रियापदांखाली रेघ ओढा आणि इंग्रजी करा. पुढची वीस मिनिटं इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लहान परिच्छेद घ्या. तो वहीत उतरवा, पण एकही विरामचिन्ह आणि एकही कॅपिटल न लिहिता. पान उलटून ठेवा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रंगाच्या पेनाने क्रियापदांखाली रेघा ओढा आणि चिन्हं स्वतः भरा, मग मूळ कात्रणाशी ताडून बघा. कात्रण फेकू नका. उरलेल्या दहा मिनिटांत वहीच्या शेवटच्या पानांवर आपल्या चुका नोंदवा. एका स्तंभात चूक, दुसऱ्यात दुरुस्ती, तिसऱ्यात ती मराठीतल्या कुठल्या सवयीमुळे झाली ते: ‘मला’, ‘पासून’, ‘जरी-तरी’, ‘की’. एखाद्या चुकीसमोर सलग तीन आठवडे नवी नोंद पडली नाही की तिच्यावर काट मारा. बचत गटाच्या ताईंच्या वहीत आता एकच ओळ काट न मारलेली आहे, ‘द’ची, आणि त्या रोज नद्यांची वाक्यं लिहीत आहेत.